वाचकांचे प्रश्न : खाऱ्या हवेत खिशातला चाकू

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून गुहागरजवळ राहतो. घरामागे हापूसची काही कलमे आणि थोडे नारळ आहेत, आणि संध्याकाळी खाडीवर गरी टाकून बसण्याची जुनी सवय आहे. आंबा कापणे, तंगूस तोडणे, पार्सलची सुतळी किंवा खताच्या पोत्याची शिवण उसवणे, एवढ्या कामांसाठी मला खिशात घडीचा चाकू लागतो. जत्रेत घेतलेले दोन चाकू गणपतीपर्यंत असे घट्ट बसले की नखाने उघडेनात. पुतण्या म्हणतो, भारी पोलादाचा आणि लॉक असलेला चाकू घ्या. चाकू घेताना नेमके काय पाहावे?

उत्तर : आपले दोन्ही चाकू सांध्यात अडकले, पात्याची तक्रार आपण कुठेच केलेली नाही, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्याने घडीचा चाकू निवडताना नेमका हाच धागा धरावा असे मला वाटते. पात्यावर गंजाचा ठिपका आला तर तो दिसतो, राखेने किंवा भांडी घासायच्या पावडरीने निघतो. मुठीच्या आत, जिथे पाते पिनेभोवती फिरते आणि स्प्रिंग त्याच्या बुडाशी टेकते, तिथे खारा दमटपणा, आंब्याचा चीक, खिशातली सुताची लव आणि पुळणीवरची वाळू एकत्र बसते, आणि ती कुणाच्या नजरेस पडत नाही. स्वस्त चाकूत पाते एकवेळ बरे असते, पण आतली स्प्रिंग आणि बाजूच्या पट्ट्या हलक्या पोलादाच्या असतात. गंज तिथून सुरू होतो.

म्हणून दुकानात चाकू हाती आला की धार पाहण्याआधी तो मिटून उजेडासमोर धरावा आणि मुठीच्या कडेने आत पाहावे. दोन बाजूंमधून आरपार उजेड दिसत असेल, म्हणजे मूठ पाठीकडून बंद नसेल, तर पाणी जसे आत जाईल तसे बाहेरही येईल. पाठ पूर्ण बंद असेल तर आत गेलेले पाणी तिथेच मुरते. त्यानंतर पाते अर्धे उघडून डावीउजवीकडे हलवून पाहावे, कारण नव्या चाकूचे पाते सांध्यात डुलत असेल तर ते पुढे कमी होणार नाही. मिटल्यावर पात्याचे टोक मुठीच्या कडेपेक्षा पुरेसे खाली जाते की नाही, हेही बोट फिरवून पाहावे, नाहीतर धोतराच्या किंवा पँटच्या खिशात ते टोक कापडाला लागते. सांध्याला रिव्हेट आहे की स्क्रू, हा पुढचा प्रश्न. स्क्रू असेल तर वर्षातून एकदा चाकू खोलून पुसता येतो. मात्र हे स्क्रू बहुधा ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे असतात आणि घरातला साधा पेचकस त्यांना चालत नाही, तेव्हा योग्य पेचकस सोबतच घ्यावा. रिव्हेट असेल तर खोलता येत नाही, पण मूठ मोकळी असली तर धुऊन भागते.

आता पोलादाविषयी, कारण दुकानदार आपल्याला तिथेच अडकवतो. पोलाद गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. त्याचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर तयार होतो आणि तो खालच्या लोखंडाला झाकतो. मिठातला क्लोराइड नेमका हाच थर जागोजाग फोडतो, त्यामुळे साताऱ्याला वर्षानुवर्षे स्वच्छ राहणारे पाते गुहागरला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे धरू लागते. दुसरी गोष्ट कार्बनची. कार्बनमुळे पोलाद कठीण होते आणि धार टिकते, पण जास्तीचा कार्बन क्रोमियमला स्वतःशी बांधून घेतो आणि संरक्षणाला तेवढे क्रोमियम कमी उरते. म्हणूनच ‘डी२’ नावाचे पोलाद, ज्याची सध्या फार वाखाणणी होते, आपल्याकडे मला नकोसे वाटते. त्यात क्रोमियम सुमारे १२ टक्के असले तरी कार्बन दीड टक्क्याच्या आसपास असतो, आणि घामाच्या खिशात ते डागाळते. पुतण्याचे ‘भारी पोलाद’ याच जातीचे असेल तर त्याला नम्रपणे नकार द्यावा.

आपल्या कामांना मध्यम कार्बनचे आणि भरपूर क्रोमियमचे पोलाद पुरते. ‘१.४११६’ या जर्मन क्रमांकाच्या पोलादात कार्बन सुमारे अर्धा टक्का आणि क्रोमियम १५ टक्क्यांच्या आसपास असते. ‘१२सी२७’ या स्वीडिश पोलादात कार्बन ०.६ आणि क्रोमियम १३.५ टक्के असते. यांची धार डी२पेक्षा लवकर उतरते, हे खरे आहे. पण ती घरच्या निसण्यावर पाच मिनिटांत परतही येते, आणि आठवड्याला पाच मिनिटे देणे हे दर पावसाळ्यात चाकू फेकून देण्यापेक्षा केव्हाही परवडते. पात्यावर नुसते ‘४४०’ कोरलेले असेल तर त्यातून फारसे कळत नाही, कारण ए, बी आणि सी अशा तीन प्रकारांत कार्बनचे प्रमाण बरेच वेगळे असते. नुसते ‘स्टेनलेस’ कोरलेले असेल तर त्याहूनही कमी कळते. काळ्या लेपाच्या पात्यांवरही भिस्त ठेवू नये. लेप पात्याच्या अंगाला झाकतो, धार मात्र उघडीच राहते, कारण ती घासल्याशिवाय लागत नाही.

दोन परिचित चाकूंबद्दल सांगतो, कारण त्यांच्यावरून बाकीचे तोलता येतील. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचा लाल मुठीचा चाकू सर्वांना ठाऊक आहे. ‘अधिकाऱ्यांचा चाकू’ या नावाच्या त्याच्या मूळ प्रकाराची नोंदणी १८९७ मधली. त्याचे पाते मुद्दाम फार कठीण ठेवलेले नसते, रॉकवेल मापाने सुमारे ५६, त्यामुळे ते सहज धार धरते. नेहमीच्या ९१ मिलिमीटर लांबीच्या प्रकारात आतल्या पट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्या आणि रिव्हेट पितळी असल्याने गंजण्याजोगे भाग कमी आहेत. हा चाकू खोलता येत नाही, पण कोमट पाण्यात बुडवून उघडमीट केली की आतला मळ सुटतो. आपल्या यादीला तो जवळजवळ पूर्ण पुरतो, आणि त्याच्या काही प्रकारांत असलेली छोटी कात्री तंगूस तोडायला पात्याहून सोयीची पडते.

दुसरा फ्रान्सचा ओपिनेल. १८९० पासून बनत आलेला, बीच लाकडाची गोल मूठ आणि १९५५ पासून सांध्याभोवती फिरणारी पोलादी कडी, जी फिरवली की उघडे पाते अडते. ८ क्रमांकाच्या चाकूचे पाते साडेआठ सेंटिमीटर असते. इतके पातळ पाते फार थोड्या घडीच्या चाकूंना असते, आणि पिकल्या हापूसची फोड त्याने जशी निघते तशी जाड पात्याने निघत नाही. पण तो लाकडाचा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि आषाढात ही मूठ फुगून पाते खाचेत आवळून बसते. फ्रान्समध्येही हे होते. तिथले लोक मुठीचे बूड फळीवर आपटून पात्याचे टोक वर आणतात. आपल्याला हीच तक्रार नको असल्याने, आणि हा चाकू मला मनापासून आवडत असूनही, मी तो आपल्याला सुचवणार नाही. कुणी घेतलाच तर ‘कार्बन’ न घेता ‘इनॉक्स’, म्हणजे स्टेनलेस, लिहिलेला घ्यावा आणि मुठीच्या खाचेत पावसाआधी जवसाचे तेल मुरवून पूर्ण सुकू द्यावे.

लॉकबद्दल पुतण्याचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. बिनलॉकच्या चाकूत स्प्रिंगचा दाब पात्याला उघडे ठेवतो. आपण धारेवर जोर देऊन कापतो तेव्हा पाते उघडण्याच्याच दिशेला ढकलले जाते, त्यामुळे फळ, दोरी, कागद यांना धोका नसतो. धोका असतो तो टोकाने भोसकताना किंवा पाते अडकल्यावर मागे ओढताना, कारण तेव्हा ते बोटांवर मिटू शकते. शहाळ्याला भोक पाडणे आणि खडपावरची कालवे सोडवणे या दोन कामांत हे हमखास घडते, आणि ती कामे लॉक असलेल्या चाकूनेही करू नयेत. शहाळ्याला कोयता आहे, कालवांना लोखंडी कांब आहे. ज्याच्या कमरेला आकडी आणि आकडीत कोयती असते त्याला हे सांगावे लागत नाही, पण खिशात नवा चाकू आला की माणूस त्याने सगळेच करून पाहतो. नातवंडे घरात असतील तर बिनलॉकचा आणि दोन्ही हातांनी उघडावा लागणारा चाकूच मला योग्य वाटतो. पात्याची लांबी सहा ते आठ सेंटिमीटर पुरे.

राहिली निगा. खाडीवरून आल्यावर चाकू उघडून गोड्या पाण्यात खळबळावा, तीनचार वेळा उघडमीट करावी, झटकावा आणि उघडाच ठेवून पंख्याखाली सुकवावा. ओला चाकू मिटून खिशात घालणे म्हणजे खारे पाणी आत कोंडणे होय. चीक असेल तर पाण्याआधी तेलाचे बोट फिरवावे, जसे फणस फोडताना आपण आधीच फिरवतो, मग साबण. सांध्यात महिन्याकाठी एक थेंब तेल पुरते. खोबरेल चालते, पण ते काही महिन्यांनी चिकट होते. औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन चिकट होत नाही, खवट होत नाही आणि फळाला लागले तरी बाधत नाही. चामड्याचे म्यान दिसायला छान असले तरी पावसाळ्यात चाकू त्यात ठेवू नये, चामडे ओल धरून ठेवते.

प्रश्न (वेंगुर्ला) : बाजारात एका अनुभवी गृहस्थांनी सांगितले की पात्याला लोहचुंबक चिकटला तर ते स्टेनलेस नाही असे समजावे. माझ्या चाकूला तो चिकटतो. मला फसवले गेले का?

उत्तर : नाही. ही कसोटी भांड्यांच्या दुकानातून चाकूंच्या दुकानात आली आहे. आपले डबे आणि पातेली ज्या स्टेनलेसची असतात त्यात निकेल किंवा मँगनीज घातलेले असते आणि त्याची अंतर्रचना अशी असते की चुंबक त्याला धरत नाही. पण ते पोलाद तापवून आणि थंड करून कठीण करता येत नाही, म्हणून त्याची टिकाऊ धारेची पाती होत नाहीत. चाकूचे स्टेनलेस वेगळ्या अंतर्रचनेचे असते, ते कठीण होते आणि चुंबकाला चिकटते. उलट एखाद्या चाकूच्या पात्याला चुंबक मुळीच लागला नाही, तर मला त्याच्या धारेचीच शंका येईल.

प्रश्न (हर्णै) : मी मासेमारीच्या होडीवर खलाशी आहे. नायलॉनचे दोर आणि अडकलेली जाळी कापायला घडीचा चाकू घ्यावा म्हणतो. कुठलाही चाकू आमच्याकडे एक हंगाम टिकत नाही. समुद्राच्या पाण्यात न गंजणारे पोलाद खरोखर असते का?

उत्तर : असते. ‘एच१’ आणि ‘एलसी२००एन’ ही त्यातली दोन नावे. या पोलादांत कार्बनचे बरेचसे काम नायट्रोजनकडून करून घेतलेले असते. नायट्रोजन क्रोमियमला कार्बनइतके बांधून ठेवत नाही, त्यामुळे संरक्षक थराला क्रोमियम भरपूर मिळते आणि खाऱ्या पाण्यातही हे पाते स्वच्छ राहते. एच१ची साधी धार लवकर बोथट होते, दातेरी धार बरीच टिकते, आणि आपल्याला नायलॉनच्या दोरासाठी दातेरीच हवी आहे. हे चाकू परदेशी आणि महाग असतात.

पण आपण विचारले नसले तरी सांगतो की, होडीवर घडीचा चाकू मी घेणार नाही. पाय दोरात अडकून जाळे पाण्यात ओढले जात असताना एक हात कशाला तरी धरलेला असतो, दुसरा खवल्यांनी आणि चिकट पाण्याने निसरडा असतो, आणि अशा वेळी नखाच्या खाचेतून पाते उघडणे जमत नाही. एका हाताने उघडणारे चाकू मिळतात, पण त्यांच्याही सांध्यात मीठ आणि खवले जातातच. त्यापेक्षा प्लास्टिकच्या म्यानातला, रबरी किंवा प्लास्टिकच्या मुठीचा, सरळ छोटा चाकू घ्यावा. पाते आठदहा सेंटिमीटर, टोक बोथट, म्हणजे होडी हेलकावताना स्वतःला किंवा शेजारच्याला भोसकले जाणार नाही. म्यानाच्या तळाशी पाणी निथळायला भोक असावे, आणि मुठीला दोरी असावी. ती दोरी फार घट्ट बांधू नये, जोराचा हिसका बसला तर चाकू सुटावा, हात ओढला जाऊ नये. मुठीचा रंग पिवळा किंवा नारिंगी असला तर तळात पडलेला चाकू सापडतो.

चाकू हंगामभर टिकत नाही, यातला मोठा वाटा हंगामानंतरच्या दिवसांचा असतो. १ जूनला मासेमारीबंदी लागली की चाकू म्यानासकट खुंटीला टांगला जातो आणि पुढचे ओले महिने म्यानातले मीठ आपले काम करत राहते. होडी वर ओढाल त्याच दिवशी चाकू आणि म्यान दोन्ही गोड्या पाण्याने धुऊन, सुकवून, पात्याला तेलाचा हात देऊन वेगवेगळे ठेवावे.

प्रश्न (सावंतवाडी) : ओले काजू फोडण्यासाठी घडीचा चाकू चालेल का? आणि त्याला धार घरी कशी लावावी?

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर नाही असे आहे. काजूच्या सालीतले तेल कातडी भाजते हे आपल्याला ठाऊकच आहे. ते सांध्यात शिरले की सुकून डिंकासारखे घट्ट होते आणि साबणाने निघत नाही, शिवाय पुढच्या वेळी त्याच चाकूने आंबा कापला तर ओठांना त्रास होतो तो वेगळाच. काजूला लाकडी मुठीची जुनी सुरी वेगळी ठेवावी, तिचे पाते काळे पडले तरी कामात फरक पडत नाही.

धारेसाठी कोयत्याचा खडबडीत दगड वापरू नये, त्याने पातळ पात्याची कड फाटते. हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा दगड मिळतो. त्याची बारीक बाजू, शक्य तर १००० क्रमांकाची, पाण्याने भिजवून घ्यावी. पाते दगडावर आडवे ठेवून पाठ इतकीच उचलावी की पंधरा ते वीस अंशांचा कोन होईल. आठ सेंटिमीटरच्या पातळ चाकूला हा कोन फार लहान भासतो, आणि बहुतेकांची चूक कोन जास्त उचलण्यातच होते. एका बाजूने घासत राहावे, दुसऱ्या बाजूला कडेवर बारीक ओरखडणारी धस अंगठ्याला आडवी लागली की बाजू बदलावी. दोन्हीकडून धस आली की हलक्या हाताने आलटून पालटून काही फेरे आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पाठीकडून ओढावे. दगडाचा राखाडी चिखल पाते मिटण्याआधी धुऊन काढावा.

प्रश्न (कणकवली) : मी नोकरीनिमित्त रेल्वेने आणि कधी चिपीहून विमानाने प्रवास करतो. खिशात चाकू असणे गुन्हा आहे का? पोलिसांनी विचारले तर काय सांगावे?

उत्तर : शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांच्या परिशिष्टात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे येतात, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. आठ सेंटिमीटरचा फळे कापायचा चाकू या मापाच्या जवळपासही येत नाही. पण आपण फक्त एवढ्यावर विसंबू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ अन्वये जिल्हा प्रशासन ठरावीक दिवसांसाठी मनाई आदेश काढू शकते, त्यात तलवारी, भाले, काठ्या यांच्याबरोबर चाकूंचाही उल्लेख असतो, आणि आदेशाची मुदत सहसा पंधरा दिवसांची असते. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या आसपास असे आदेश निघतात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत येतात. त्या दिवसांत गर्दीच्या ठिकाणी चाकू घरी ठेवावा.

खटका दाबताच पाते बाहेर येणारा, रामपुरी धाटणीचा चाकू घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. फळ कापायला त्याचा काही फायदा नाही, आणि तपासणीत तो निघाला तर आंबे कापण्याचे कारण कुणालाही पटणार नाही. ‘स्वसंरक्षणासाठी’ हे उत्तर तर कधीच देऊ नये. त्या एका शब्दाने अवजाराचे हत्यार होते, आणि खरे पाहता घडीचा चाकू स्वसंरक्षणाला निरुपयोगीच असतो.

रेल्वेत चाकू खिशात न ठेवता डब्याच्या पिशवीत, फळांबरोबर ठेवावा. विमानात केबिनच्या सामानात कोणत्याही लांबीचा चाकू चालत नाही, किल्ल्यांच्या जुडग्यातला बोटाएवढा चाकूही काढून घेतला जातो आणि तो परत मिळेल अशी आशा धरू नये. काउंटरवर जमा करायच्या बॅगेत तो जाऊ शकतो. विमानतळावर निघण्यापूर्वी खिसे आणि हातातली बॅग तपासून पाहावी, विशेषतः बॅगेचा तो छोटा कप्पा, जिथे पेन आणि चार्जर ठेवतो.